प्लेराइटमधली घड्याळं: टाइमआउट आणि तपासण्या कशा लावायच्या

लॅपटॉपवर सगळ्या टेस्ट हिरव्या, पाइपलाइनमध्ये (कोड आपोआप तपासणाऱ्या सर्व्हरवर) गेल्या की दोन लाल. पुन्हा चालवल्या तर त्या दोन हिरव्या आणि भलतीच तिसरी लाल. मग टीममधलं कोणीतरी कॉन्फिग फाइल उघडतं, ३० सेकंदांचे ६० करतं आणि आठवडाभर शांतता नांदते. पुढच्या महिन्यात ६० चे ९०. या वाटेने गेलेल्या प्रकल्पात शेवटी लाल दिसलं तरी रिपोर्ट कोणी उघडत नाही. "परत रन कर" एवढंच सांगतात.

इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये अपाचे या मुक्त सॉफ्टवेअर संस्थेच्या प्रकल्पांतल्या अशा लहरी टेस्टच्या दुरुस्त्या तपासल्या. ज्यांचं कारण नक्की करता आलं, त्यातल्या सुमारे ४५ टक्के टेस्टचं दुखणं एकच होतं: टेस्टने एखादं काम सुरू केलं आणि ते पुरं होण्याची नीट वाट पाहिली नाही. त्यामुळे किती थांबायचं हा आकडा ठरवण्याआधी कशासाठी थांबायचं ते ठरवावं लागतं, आणि ते सांगायची जागा म्हणजे तपासणी. म्हणून टाइमआउट (जास्तीत जास्त किती थांबायचं ती मर्यादा) आणि तपासण्या या दोन्ही गोष्टी इथे एकत्रच घेतल्या आहेत.

उदाहरणं मायक्रोसॉफ्टच्या प्लेराइटची आहेत, म्हणजे ब्राउझर आपोआप चालवून वेबसाइट तपासणाऱ्या साधनाची, त्याच्या स्वतःच्या टेस्ट रनरसह आणि टाइपस्क्रिप्टमध्ये. सेलेनियम आणि सायप्रस ही तशीच साधनं वापरणाऱ्यांसाठी शेवटी थोडं आहे. सेटिंग आणि फंक्शनची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. फाइलमध्ये ती रोमन लिपीत आणि सलग लिहायची. समजा, आपल्याला बसचं तिकीट आरक्षित करायची वेबसाइट तपासायची आहे: शोध, जागा निवडणं, ओटीपी, पैसे भरणं.

घड्याळं एक नाही, पाच

प्लेराइट टेस्टमध्ये एकाच वेळी निरनिराळी घड्याळं चालू असतात. बहुतेक गोंधळ कुठलं घड्याळ वाजलं हे न पाहिल्यामुळे होतो.

सगळ्यांच्या ओळखीचं म्हणजे टेस्टचं घड्याळ: मुळात ३० सेकंद. यात टेस्टचा स्वतःचा कोड, 'बिफोर ईच' हूक (प्रत्येक टेस्टआधी चालणारा कोड) आणि फिक्स्चरची (टेस्टला लागणाऱ्या गोष्टी मांडून देणाऱ्या कोडची) तयारी हे सगळं मोजलं जातं. म्हणजे लॉगिन 'बिफोर ईच'मध्ये असेल आणि ते १२ सेकंद खात असेल, तर टेस्टच्या वाट्याला १८ च उरतात. 'आफ्टर ईच' आणि फिक्स्चरची आवराआवर यांना तेवढाच, पण वेगळा वेळ मिळतो. 'बिफोर ऑल' आणि 'आफ्टर ऑल' यांचाही हिशोब स्वतंत्र.

दुसरं एक्स्पेक्टचं घड्याळ: ५ सेकंद. "हा मजकूर दिसायला हवा" अशी तपासणी प्लेराइट पुन्हा पुन्हा करून पाहतं, ती जास्तीत जास्त इतका वेळ.

तिसरं आणि चौथं घड्याळ म्हणजे ॲक्शन टाइमआउट आणि नॅव्हिगेशन टाइमआउट. रनरमध्ये हे दोन्ही मुळात शून्य असतात, आणि शून्य याचा अर्थ 'थांबू नका' असा नसून 'मर्यादा नाही' असा आहे. एखादं बटण पडद्यावर आलंच नाही तर क्लिक त्याची वाट बघत राहतं आणि शेवटी टेस्टचं ३० सेकंदांचं घड्याळ वाजतं. रिपोर्टमध्ये ठळक अक्षरांत 'टेस्ट टाइमआउट ऑफ ३०००० एमएस एक्सीडेड' असं दिसतं. घाईत वाचणाऱ्याला वाटतं, टेस्ट मोठी आहे, वेळ वाढवूया. प्रत्यक्षात टेस्ट चार सेकंदांची होती आणि उरलेले २६ सेकंद नसलेल्या बटणापुढे उभी होती.

पाचवं ग्लोबल टाइमआउट, म्हणजे पूर्ण रनची मर्यादा. हेही मुळात शून्य. गिटहब ॲक्शन्स या पाइपलाइन सेवेत एका जॉबची मूळ मर्यादा ३६० मिनिटं आहे. सर्व्हर उठलाच नाही आणि शेकडो टेस्ट एकेक करून आपापला वेळ पुरा करत बसल्या, तर सहा तासांचं बिल लागू शकतं. हे घड्याळ पहिल्याच दिवशी लावावं.

आकडे बसवताना

आधी मोजा. सध्याचा संच आहे त्या सेटिंगवर पाइपलाइनमध्येच चालवा, लॅपटॉपवर नाही. 'रिपीट ईच' हा पर्याय देऊन प्रत्येक टेस्ट दहा-वीस वेळा फिरवली की एचटीएमएल रिपोर्टमध्ये कुठली टेस्ट साधारण किती वेळ घेते आणि वाईटात वाईट किती, हे समोर येतं. आकडा या वाईटात वाईट वेळेवर ठरवायचा. सरासरी इथे उपयोगाची नाही.

मग बाहेरचं घड्याळ आतल्या घड्याळापेक्षा मोठं राहील अशी उतरंड रचायची. मध्यम आकाराच्या वेब ॲपसाठी मी सुरुवात अशी करते: एक्स्पेक्ट १० सेकंद, ॲक्शन १० सेकंद, नॅव्हिगेशन २० सेकंद, टेस्ट ६० सेकंद, पूर्ण रन ३० मिनिटं. पाइपलाइनच्या जॉबची मर्यादा त्याहून पाचेक मिनिटं जास्त ठेवायची, म्हणजे प्लेराइटला स्वतः थांबून रिपोर्ट लिहायला उसंत मिळते. जॉबच बाहेरून मारला गेला तर रिपोर्टही अर्धवट राहतो. हे आकडे पवित्र नाहीत. तुमची मोजणी वेगळं सांगत असेल तर मोजणीचं ऐका.

फाइलमध्ये जागा चुकवू नका. टेस्टचा टाइमआउट आणि ग्लोबल टाइमआउट कॉन्फिगच्या सगळ्यात वरच्या पातळीवर येतात. एक्स्पेक्टचा त्याच्या स्वतःच्या कंसात, 'एक्स्पेक्ट' या नावाखाली. ॲक्शन आणि नॅव्हिगेशनचे 'यूज' या नावाखाली. आकडे सगळीकडे मिलिसेकंदांत. १० सेकंद म्हणजे १००००. एक शून्य गळलं तर एक सेकंदच मिळतो आणि अर्धा संच लाल होतो.

एखादी टेस्ट खरोखरच लांब असेल, म्हणजे शोधापासून तिकिटाच्या पीडीएफपर्यंत, तर सगळ्या प्रकल्पाचा आकडा वाढवू नका. त्या टेस्टच्या आत 'टेस्ट डॉट स्लो' लिहिलं की तिचा वेळ तिप्पट होतो. नेमका आकडा हवा असेल तर 'टेस्ट डॉट सेट टाइमआउट'. महागडं फिक्स्चर असेल, उदाहरणार्थ डेटाबेसमध्ये मार्ग आणि बसगाड्या भरणारं, तर त्यालाच वेगळा टाइमआउट देता येतो आणि टेस्टचा वेळ त्यात जात नाही.

आणखी एक कारण सहसा नजरेआड राहतं: वर्करची, म्हणजे एकाच वेळी टेस्ट चालवणाऱ्या प्रक्रियांची, संख्या. प्लेराइट मुळात मशीनच्या लॉजिकल कोअरच्या निम्मे वर्कर उघडतं. पाइपलाइनच्या छोट्या मशीनवर ब्राउझर, ॲप सर्व्हर आणि डेटाबेस हे सगळं एकत्र राहत असेल तर प्रत्येकाला श्वास अपुरा पडतो. नवीन प्रकल्प तयार करताना मिळणाऱ्या नमुना कॉन्फिगमध्ये पाइपलाइनसाठी एकच वर्कर ठेवलेला असतो, तो याचमुळे. वेळ वाढवण्याआधी वर्कर कमी करून पाहा. लाल कमी झाले तर दोष सेकंदांचा नव्हता.

ठोकताळ्याची झोप काढून टाका

'वेट फॉर टाइमआउट' शोधा. प्रत्येक ठिकाणी विचारा: इथे आपण नेमकं कशासाठी थांबलोय? तीन सेकंदांची झोप जलद दिवशी तीन सेकंद वाया घालवते आणि संथ दिवशी अपुरी पडते. म्हणजे दोन्हीकडून तोटा.

शोध बटण दाबल्यावर तीन सेकंद थांबून पहिल्या बसवर क्लिक, असा कोड असेल तर झोप नुसती पुसली तरी बऱ्याचदा चालतं. कारण प्लेराइटचा क्लिक स्वतःच वाट पाहतो. घटक दिसतोय का, स्थिर आहे का (सलग दोन ॲनिमेशन फ्रेममध्ये त्याची चौकट हललेली नसावी), चालू अवस्थेत आहे का, आणि क्लिक त्यालाच पोचेल का, की त्याच्यावर दुसरंच काही आलंय, हे सगळं पाहूनच तो दाबतो.

यातली शेवटची अट अडली की लॉगमध्ये 'इंटरसेप्ट्स पॉइंटर इव्हेंट्स' अशी ओळ येते आणि तिच्यात वर आलेल्या घटकाचा टॅगही छापलेला असतो. बहुधा कुकीची पट्टी किंवा कोपऱ्यातला चॅटचा गोळा. इथे 'फोर्स' हा पर्याय लावून क्लिक रेटायचा मोह होतो. तो टाळा. लहान पडद्याच्या मोबाइलवर तोच गोळा खऱ्या प्रवाशाच्या बोटाआड येत असेल, आणि 'फोर्स' लावल्यावर ती गोष्ट तुमच्या टेस्टला कधीच कळणार नाही. पट्टी कधी येते, कधी नाही असं असेल तर 'ॲड लोकेटर हँडलर' लावून ती दिसली की बंद करायला सांगा.

'नेटवर्क आयडल'ची, म्हणजे नेटवर्क शांत होण्याची, वाट पाहणंही सोडा. प्लेराइटच्या दस्तऐवजात टेस्टिंगसाठी ते वापरू नका असं स्पष्ट लिहिलंय. ॲनालिटिक्स किंवा सतत सर्व्हरला विचारत राहणारं पान कधी शांत होतच नाही. आणि पान शांत झालं तरी यादी पडद्यावर उमटली असेलच असं नाही.

प्रवाशाला जे दिसेल त्याचीच वाट पाहायची. शोधानंतर 'पुणे ते कोल्हापूर' असं शीर्षक येणार असेल तर त्या शीर्षकाची तपासणी करा. ती पास झाली की पुढे जा.

एकदाच बघणारी आणि बघत राहणारी तपासणी

प्लेराइटमध्ये दोन जातीच्या तपासण्या एकाच 'एक्स्पेक्ट'खाली नांदतात. लोकेटरवर (पानावरचा घटक शोधून देणाऱ्या वस्तूवर) केलेल्या 'टू बी व्हिजिबल', 'टू हॅव टेक्स्ट', 'टू हॅव काउंट' किंवा पानावरची 'टू हॅव यूआरएल' या वेळ संपेपर्यंत पुन्हा पुन्हा बघतात. 'टू बी', 'टू ईक्वल', 'टू कंटेन' या साध्या किमतींवरच्या तपासण्या एकदाच बघतात आणि निकाल देतात.

चूक होते ती अशी. 'टेक्स्ट कंटेंट' वापरून एकूण भाडं व्हेरिएबलमध्ये घेतलं आणि मग 'टू बी'ने ताडून पाहिलं. 'टेक्स्ट कंटेंट' घटक येईपर्यंत थांबतं खरं, पण त्यातला मजकूर त्या क्षणी जो असेल तो उचलतं. भाडं आधी ० दाखवून मग ६४० होत असेल, तर ० हातात आलं आणि खेळ संपला. एक्स्पेक्टचा टाइमआउट १० सेकंद केला काय आणि १०० केला काय, या ओळीवर त्याचा काडीचाही परिणाम नाही. 'इज व्हिजिबल'चंही तसंच: ते थांबत नाही, लगेच हो किंवा नाही सांगतं. त्याला 'टू बी'मध्ये गुंडाळलेलं दिसलं की ती ओळ बदला.

'अवेट' (हे पुरं होईपर्यंत थांब, असं सांगणारा शब्द) विसरणं हा याचाच चुलतभाऊ. वाट पाहणाऱ्या तपासणीपुढे 'अवेट' नसेल तर टेस्ट तिला मागे टाकून पुढे निघून जाते, कधी कधी तिचा निकाल यायच्या आत संपतेही. डोळ्यांनी हे पकडायचा प्रयत्न करू नका. टाइपस्क्रिप्ट ईएसलिंटचा 'नो फ्लोटिंग प्रॉमिसेस' हा नियम चालू करा. संपादकातच लाल रेघ येईल.

सगळ्यात फसवी जात नकारार्थी तपासण्यांची आहे. 'गोल फिरणारं चक्र दिसत नाही' ही तपासणी घ्या. शोध दाबल्यावर ते चक्र यायला ५० मिलिसेकंद लागत असतील आणि तपासणी त्याआधीच झाली, तर ती लगेच पास: चक्र अजून आलेलंच नाही! 'यादीत शून्य घटक' हेही रिकाम्या पानावर तत्काळ पास होतं. 'चूक झाल्याचा संदेश दिसत नाही' तर नेहमीच. त्यामुळे नकारार्थी तपासणीच्या आधी एखादी होकारार्थी हवी: आधी यादी आली याची खात्री, मग चूक नाही याची. आणि चक्र दिसतं का हेच तपासायचं असेल तर 'रूट' वापरून शोधाचं उत्तर मध्येच अडवून धरा, चक्र दिसल्याची तपासणी करा, मग उत्तर सोडा, मग चक्र गेल्याची. यात कुठेही सेकंद मोजावे लागत नाहीत.

तिकीट बुक झालं नाही

मराठी मजकूर तपासणाऱ्यांसाठी एक खड्डा खास आपला आहे. आपल्याकडे नकार वाक्याच्या शेवटी येतो. 'टू कंटेन टेक्स्ट' ही तपासणी तुकडा सापडला की समाधान मानते. "तिकीट बुक झालं" हा तुकडा "तिकीट बुक झालं नाही" या वाक्यातही अख्खा सापडतो, आणि पैसे अडकलेल्या प्रवाशाच्या पडद्यावर तुमची टेस्ट हिरवी होते. 'गेट बाय टेक्स्ट' हा लोकेटरही मुळात तुकडाच शोधतो. मराठी संदेशांसाठी 'टू हॅव टेक्स्ट' वापरा, ते पूर्ण मजकूर जुळवतं (मोकळ्या जागांचा फरक मात्र सोडून देतं). आणि 'गेट बाय टेक्स्ट'ला 'एक्झॅक्ट' द्या.

दुसरी गोष्ट, दिसायला सारखी अक्षरं आतून निराळी असू शकतात. 'ॲप'मधला ॲ युनिकोडमध्ये एकच अक्षर म्हणूनही लिहिता येतो आणि अ, जोडणारं अदृश्य चिन्ह व चंद्र असा जुळवूनही. 'दुसऱ्या'मधल्या अर्ध्या र चेही असेच दोन अवतार आहेत. भाषांतर करणाऱ्याच्या कीबोर्डवरून एक आला आणि तुमच्याकडून दुसरा, की रिपोर्टमध्ये 'हवं होतं' आणि 'मिळालं' या दोन ओळी हुबेहूब सारख्या दिसतात आणि तपासणी तरी लाल. युनिकोडचं नॉर्मलायझेशन लावून हे दोन्ही फरक मिटत नाहीत. टेस्टमध्ये मजकूर हाताने टाइप न करता ॲपच्याच भाषांतराच्या फाइलमधून घेणं हा सरळ उपाय.

आकड्यांचंही पाहा. 'यूज'खाली लोकेल (भाषा आणि देशाची सेटिंग) मराठी-भारत ठेवलं आणि ॲप ब्राउझरच्या भाषेनुसार रकमा मांडत असेल, तर एक लाख '१,००,०००' असं देवनागरीत येतं. इंग्रजी-भारत ठेवलं तर स्वल्पविराम तिथेच, अंक मात्र इंग्रजी. काहीच लिहिलं नाही तर प्लेराइट मुळात अमेरिकन लोकेल घेतं आणि स्वल्पविरामही सरकतो. लोकेल कॉन्फिगमध्ये लिहूनच ठेवा.

पोल आणि टू पास

काही गोष्टी पानावर दिसतच नाहीत. आरक्षणाची नोंद एपीआयमध्ये (सर्व्हरला थेट विचारायच्या वाटेवर) 'कन्फर्म' झाली का, हे तपासायला 'एक्स्पेक्ट डॉट पोल' आहे. त्याला एक फंक्शन द्यायचं. ते आधी लगेच, मग १००, २५०, ५०० आणि पुढे दर १००० मिलिसेकंदांनी पुन्हा विचारतं. पैशांची खातरजमा व्हायला वीसेक सेकंद लागणार हे माहीत असेल तर इंटरव्हल स्वतः द्या, दोन-दोन सेकंदांचे. एपीआयवर उगाच मारा कशाला? टाइमआउट आणि संदेशही द्या. 'आरक्षण कन्फर्म झालं नाही' असा स्वतःचा संदेश रिपोर्टमध्ये दिसला की रात्री दोनला तो वाचणारा सहकारी दुवा देतो.

'टू पास' जास्त ताकदवान आणि म्हणूनच जास्त धोक्याचं. ते अख्खा कोडचा तुकडा पास होईपर्यंत फिरवत राहतं. दोन गोष्टी लक्षात ठेवा. त्याचा टाइमआउट मुळात शून्य आहे आणि कॉन्फिगमधला एक्स्पेक्टचा आकडा त्याला लागू होत नाही. स्वतः आकडा दिला नाही तर ते टेस्टचं घड्याळ वाजेपर्यंत फिरतं. आणि तुकड्याच्या आत क्लिक असेल तर प्रत्येक फेरीत क्लिक होतो. 'पैसे भरा' हे बटण 'टू पास'च्या आत ठेवणाऱ्याने पाच तिकिटं निघाल्यावर आश्चर्य मानू नये. आत फक्त बघण्याच्या गोष्टी ठेवा. पान पुन्हा लोड करणं चालेल.

नेटवर्कच्या उत्तरासाठी थांबायचं असेल तर क्रम सांभाळा: 'वेट फॉर रिस्पॉन्स' आधी सुरू करायचं, 'अवेट' न लावता व्हेरिएबलमध्ये ठेवायचं, मग क्लिक करायचा, मग त्या व्हेरिएबलला 'अवेट' लावायचं. उलटं केलं आणि उत्तर झटकन आलं, तर ते निघून गेल्यावर तुम्ही वाट पाहायला बसता.

ओटीपीचे तीस सेकंद खरे मोजू नका

'३० सेकंदांनी पुन्हा पाठवा' हे बटण तपासायला तीस सेकंद थांबणारी टेस्ट मूळ टाइमआउटमध्ये बसतच नाही. पंधरा मिनिटं हालचाल नसेल तर लॉगआउट, हे तर बहुतेक टीम सोडूनच देतात. प्लेराइटच्या १.४५ आवृत्तीपासून 'पेज डॉट क्लॉक' आहे. त्याने ब्राउझरमधलं घड्याळ हातात येतं.

पान उघडण्याआधी 'क्लॉक डॉट इन्स्टॉल' करा, म्हणजे ॲप आपले टायमर या घड्याळावरच लावेल. पुढे दोन पर्याय आणि त्यातला फरक महत्त्वाचा. 'फास्ट फॉरवर्ड' वेळ पुढे उडी मारून नेतं आणि मधले टायमर फार तर एकदा वाजवतं, लॅपटॉपचं झाकण मिटून थोड्या वेळाने उघडावं तसं. 'रन फॉर' मधला प्रत्येक टायमर वाजवत जातं. ओटीपीचा आकडा दर सेकंदाला एकने कमी करणारा कोड असेल तर 'फास्ट फॉरवर्ड'ने ३० चा २९ च होईल आणि तुम्ही बटणाची वाट पाहत बसाल. तिथे 'रन फॉर' हवं. निष्क्रिय सत्रासाठी मात्र 'फास्ट फॉरवर्ड'च योग्य, कारण खरा माणूसही झाकण मिटूनच जेवायला जातो. शिवाय तो कोड शेवटच्या हालचालीची वेळ ताडून पाहतो की टायमरवर विसंबून आहे, हेही यातून कळतं.

हे घड्याळ फक्त ब्राउझरमधलं. सर्व्हर आपल्याच वेळेने चालतो. सर्व्हरवर ओटीपी कालबाह्य होतो का हे यातून तपासता येणार नाही. त्यासाठी सर्व्हरच्या टेस्ट सेटिंगमध्ये मुदत कमी करून घ्या.

टाइमझोनचंही इथेच उरकू. पाइपलाइनची मशीन सहसा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतात. भारतात मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत यूटीसीत अजून कालची तारीख असते. 'आजच्या बस' ही टेस्ट दिवसा हिरवी आणि रात्रीच्या रनमध्ये लाल असेल तर आधी इथे पाहा. कॉन्फिगमध्ये टाइमझोन 'एशिया/कोलकाता' लिहिलं तर ते ब्राउझरला लागू होतं. टेस्टचा कोड ब्राउझरबाहेर, नोडमध्ये चालतो, त्याच्यासाठी 'टीझेड' हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल वेगळं द्यावं लागतं. आणि 'टू आयएसओ स्ट्रिंग'मधून पहिली दहा अक्षरं कापून आजची तारीख काढू नका. ती कायम यूटीसीचीच येते.

रीट्राय: किती आणि का

मुळात रीट्राय, म्हणजे फसलेली टेस्ट पुन्हा चालवणं, शून्य. नमुना कॉन्फिगमध्ये पाइपलाइनसाठी दोन. मी एकच ठेवते. दुसऱ्यांदा पास झालेली टेस्ट प्लेराइट 'फ्लेकी' म्हणून वेगळी दाखवतं, पण रन हिरवाच राहतो, आणि हिरव्या रनमधली पिवळी ओळ कोण वाचतं? १.४५ पासूनच 'फेल ऑन फ्लेकी टेस्ट्स' हा पर्यायही आहे. मुख्य शाखेच्या रात्रीच्या रनमध्ये तो लावा. पुल रिक्वेस्टमध्ये (मुख्य शाखेत बदल घ्यायच्या विनंतीत) लावला तर लोक चिडतात आणि त्यांचं चूकही नाही. ही समस्या छोट्या टीमचीच आहे असं समजू नका: गुगलने २०१६ मध्ये आपल्या जवळजवळ १६ टक्के टेस्टमध्ये थोडाफार लहरीपणा असल्याचं जाहीर सांगितलं होतं.

रीट्राय ठेवलाच आहे तर त्याच्याकडून काम करून घ्या: 'ट्रेस' (टेस्टचं चित्रण) या सेटिंगला 'ऑन फर्स्ट रीट्राय' द्या. मात्र पहिला प्रयत्न फसला तेव्हाचं चित्रण यात मिळत नाही, आणि दुसरा पास झाला तर हातात पास झालेल्या टेस्टचाच ट्रेस येतो. लहरी टेस्टच्या मागे लागला असाल तेवढे दिवस 'रीटेन ऑन फेल्युअर' ठेवा. ट्रेसमध्ये प्रत्येक कृतीच्या आधीचं आणि नंतरचं पान, नेटवर्क, कन्सोल आणि वेळेची पट्टी एकत्र दिसते. लाल टेस्टचं कारण शोधायला आकड्यांपेक्षा ही पट्टी कितीतरी उपयोगी.

तोच दोष डीबग मोडमध्ये दिसत नाही अशी तक्रार नेहमी येते. दिसणार कसा? डीबग मोडमध्ये टेस्टचं घड्याळ बंद असतं, वर्कर एकच असतो आणि तुम्ही एकेक पाऊल टाकत असता. शर्यतच उरत नाही. त्याऐवजी 'रूट'मध्ये मुद्दाम दोन सेकंद उशीर घालून टेस्ट साध्या मोडमध्ये चालवा.

स्क्रीनशॉटची तपासणी थोडक्यात: 'टू हॅव स्क्रीनशॉट' सलग दोन चित्रं सारखी येईपर्यंत थांबतं, म्हणून आधी झोप लागत नाही. रंगातल्या फरकाची सूट, म्हणजे 'थ्रेशोल्ड', मुळात ०.२ आहे, ती न वाढवता 'मॅक्स डिफ पिक्सेल्स' थोडं द्या. मूळ चित्रं पाइपलाइनच्याच कंटेनरमध्ये काढा, आणि त्यात देवनागरी फॉन्ट आहे ना पाहा, नाहीतर मराठी अक्षरांच्या जागी आलेले चौकोनच 'बरोबर' म्हणून जतन होतात आणि पुढे ते सुधारले की टेस्ट लाल होते.

सेलेनियम आणि सायप्रस

सेलेनियममध्ये इम्प्लिसिट वेट (प्रत्येक घटक शोधताना आपोआप लागू होणारी वाट) मुळात शून्य, पान लोड व्हायची मर्यादा ३०० सेकंद आणि स्क्रिप्टची ३० सेकंद. पानाची मर्यादा ३० ते ६० वर आणा. पाच मिनिटं कोणी प्रवासी थांबत नाही. इम्प्लिसिट आणि एक्स्प्लिसिट वेट (ठरावीक अटीसाठी मुद्दाम लिहिलेली वाट) एकत्र वापरू नका: सेलेनियमच्या दस्तऐवजातच १० सेकंदांचा इम्प्लिसिट आणि १५ चा एक्स्प्लिसिट मिळून २० सेकंदांनी टाइमआउट होऊ शकतो असं उदाहरण दिलंय. इम्प्लिसिट शून्यच ठेवा आणि वेबड्रायव्हर वेट वापरा. तो दर अर्ध्या सेकंदाने बघतो.

सायप्रसमध्ये कमांडची मर्यादा ४ सेकंद, पानाची ६०, विनंती निघण्याची ५ आणि उत्तराची ३०. बहुतेक वेळा फक्त पहिला आकडा ८ ते १० वर न्यावा लागतो. तिथेही एकदाच बघणारी आणि बघत राहणारी तपासणी हा भेद आहेच, फक्त नावं वेगळी: 'शुड'ला दिलेलं फंक्शन पुन्हा पुन्हा चालतं, 'देन'ला दिलेलं एकदाच. भाड्याचा आकडा 'देन'मध्ये तपासला असेल तर तो 'शुड'मध्ये हलवा, आणि 'शुड'च्या आत क्लिक ठेवू नका.